न मारता जिंकणारा केन

रॉ डील हा व्यावसायिक कुस्तीवरचा पत्त्यांचा खेळ. त्यात प्रत्येक खेळाडूने आपला डेक स्वतः बांधून आणायचा असतो. अमेरिकेतल्या कॉमिक इमेजेस या कंपनीने तो २००० साली काढला आणि त्याची रचना बॅरन व्हँगर टॉथ यांनी केली. डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे २००२ पासूनच्या डब्ल्यूडब्ल्यूईचे, मल्ल त्यात होते. २००७ मध्ये नवे पत्ते निघायचे थांबले, तरी जुने डेक जपून खेळणारे लोक आहेत. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात वाढलेल्या पुष्कळांनी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे खेळली आहेत. उंची, वजन, छाती, बायसेप्स यांचा आकडा पुकारायचा आणि ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. तिथे हातात येईल तो पत्ता खेळावा लागे. रॉ डीलमध्ये साठच्या साठ पत्ते खेळाडूने आधी निवडलेले असतात, त्यामुळे अर्धा सामना घरी वही-पेन्सिल घेऊनच खेळला जातो. रूढ वाट सोडून डेक बांधणाऱ्याचा तर त्याहून जास्त. असा एक डेक, त्यामागचा हिशेब आणि तो प्रत्यक्ष खेळताना निघणाऱ्या अडचणी इथे मांडल्या आहेत. सगळे आकडे आणि नियम पहिल्या संचातल्या मल्लांचे आहेत. पुढच्या संचांनी पत्त्यांत आणि नियमांत भर घातली, तरी हिशेबाची रीत तीच राहते.

खेळाची घडण आधी समजून घ्यावी लागते. साठ पत्त्यांच्या डेकला अर्सेनल म्हणतात. मल्लाचा पत्ता वेगळा असतो आणि त्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: सुरुवातीला किती पत्ते हातात घ्यायचे, सुपरस्टार व्हॅल्यू किती आणि त्या मल्लाची खास क्षमता कोणती. ज्याची व्हॅल्यू जास्त तो पहिली पाळी खेळतो. प्रत्येक पाळीत एक पत्ता ओढायचा, मग डाव आणि ॲक्शन खेळायचे. डाव लागला की त्यावर जेवढा डॅमेज लिहिलेला असेल तेवढे पत्ते समोरच्याने आपल्या अर्सेनलवरून एकेक करून उलटायचे आणि रिंगसाइडला टाकायचे. मल्लाचा जीव मोजण्याची वेगळी सोय या खेळात नाही. अर्सेनल हाच त्याचा दम, आणि ते रिकामे झाले की सामना गेला.

लागलेला डाव रिंगमध्ये राहतो. रिंगमधल्या पत्त्यांच्या डॅमेजची बेरीज म्हणजे त्या खेळाडूचे फॉर्टिट्यूड. मोठे डाव खेळायला मोठे फॉर्टिट्यूड लागते, म्हणून सामना लहान फटक्यांनी सुरू होतो आणि हळूहळू चढत जातो. डावाला तोड असते, तिला रिव्हर्सल म्हणतात. ती हातातून खेळता येते. शिवाय डॅमेजपोटी पत्ते उलटताना लागू पडणारी तोड निघाली तर डाव तिथेच थांबतो. दोन्ही प्रकारांत डाव टाकणाऱ्याची पाळी संपते. एका नावाचे सहसा तीनच पत्ते डेकमध्ये घेता येतात, युनिक खूण असलेला एकच, आणि हील (खलनायक) व फेस (नायक) अशा दोन्ही खुणांचे पत्ते एका डेकमध्ये चालत नाहीत. यादी करताना ही शेवटची अट सर्वांत आधी तपासावी, नाहीतर पूर्ण झालेला डेक पुन्हा फोडावा लागतो.

रूढ डेक हल्ल्यासाठी बांधला जातो. निम्म्याहून अधिक डाव, पुरेशा तोडी, डावाला जोर देणाऱ्या थोड्या ॲक्शन आणि मल्लाचे ठेवणीतले डाव. टेबलावर येणारे बहुतेक डेक असेच असल्याने प्रत्येकजण आपल्या तोडीही समोरून डाव येणार हे गृहीत धरून निवडतो. नव्या रचनेला वाव मिळतो तो या गृहीतकात.

केनच्या पत्त्यावर हातात घ्यायचे पत्ते ७ आणि सुपरस्टार व्हॅल्यू २ आहे. व्हॅल्यू इतकी कमी की तो जवळजवळ नेहमी दुसरा खेळतो. त्याची क्षमता एका वाक्यात मावते: आपल्या पाळीच्या आरंभी, पत्ता ओढण्यापूर्वी, समोरच्याच्या अर्सेनलवरचा वरचा पत्ता रिंगसाइडला जातो. पहिल्या वाचनात हे किरकोळ वाटते. दहा-दहा डॅमेजचे डाव असलेल्या खेळात एका पत्त्याची काय मातब्बरी, असे वाटून बहुतेक खेळाडू केनला सरळ हल्लेखोर म्हणून खेळतात आणि क्षमतेकडे वरकड कमाई म्हणून पाहतात. पण हा एक पत्ता कोणताही पत्ता खर्च न करता जातो, त्याला फॉर्टिट्यूड लागत नाही, आणि ती क्षमता असल्यामुळे, खेळलेला पत्ता नसल्यामुळे, तिला तोड लागू पडत नाही. केन नुसता बसून राहिला तरी समोरचा रिकामा होत असतो.

किती वेळात, हे मोजता येते. समोर स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन आहे असे धरू. त्याच्या हातात ७ पत्ते, म्हणजे अर्सेनलमध्ये ५३. प्रत्येक फेरीत, म्हणजे दोघांच्या एकेका पाळीत, एक पत्ता तो स्वतः ओढतो आणि एक केन काढतो. सव्वीस फेऱ्यांत ५२ पत्ते गेले. सत्ताविसाव्या पाळीला उरलेला एक ओढला की अर्सेनल रिकामे. केनचेही अर्सेनल ५३ चेच, पण त्यातून फेरीला एकच पत्ता जातो. सव्वीस फेऱ्यांनंतर त्याच्याकडे २७ उरतात. सामना जिंकायला एक पत्ता शिल्लक असला तरी पुरे, म्हणजे वाटेत २६ पत्त्यांचा मार खाण्याची मुभा आहे. या डेकचा सगळा जमाखर्च त्या एका आकड्यावर चालतो. कोणताही पत्ता डेकमध्ये घ्यायचा की नाही, हे तो सव्वीसमध्ये भर घालतो की त्यातून काही काढतो, एवढ्यावरून ठरते. पुढे याला नुसता ‘साठा’ म्हटले आहे.

या रचनेचा दुसरा फायदा हिशेबात दिसत नाही, पण टेबलावर पहिल्या काही पाळ्यांतच कळतो. केन डाव टाकतच नसेल तर समोरच्याच्या हातातल्या तोडी पडून राहतात. स्टेप असाइड फटक्याला लागू, एस्केप मूव्ह पकडीला, ब्रेक द होल्ड सबमिशनला. फटका, पकड, सबमिशन यांपैकी काहीच येत नाही, तेव्हा ते पत्ते हातात जागा अडवून बसतात. नो चान्स इन हेल ॲक्शनला तोड देते, तेवढी एक कामाची राहते. खेळाडूने मोठ्या विचाराने भरलेला डेकचा एक भाग निरुपयोगी होतो आणि त्याला उरलेल्या पत्त्यांवर सामना काढावा लागतो. हा डेक पहिल्या भेटीत भारी पडतो तो यामुळे. समोरचा आपल्या तोडी राखून ठेवतो, केनच्या हल्ल्याची वाट पाहतो, आणि ती वाट पाहण्यात फेऱ्या जातात.

आता अडचणी. पहिली अडचण फॉर्टिट्यूडची, आणि ती सर्वांत फसवी. रिंगमध्ये लागलेले डाव नाहीत म्हणजे फॉर्टिट्यूड शून्याच्या आसपास. साध्या तोडींना त्याची गरज नसते, म्हणून कागदावर हे खटकत नाही. पण जॉकिंग फॉर पोझिशन ही ॲक्शन खेळून समोरच्याने पुढची चाल पकडीची केली, तर तो दोनपैकी एक निवडू शकतो: पकडीचा डॅमेज ४ ने वाढवायचा किंवा तिच्यावरच्या तोडीला ८ फॉर्टिट्यूड जादा लागेल असे करायचे. हल्लेखोर डेकला ते आठ सामन्याच्या मध्यावर जाणवतही नाहीत. शून्यावर बसलेल्या केनला मात्र ते सामनाभर नडतात. हातात एस्केप मूव्ह असून खेळता येत नाही, आणि पत्ते उलटताना निघाली तरी लागू होत नाही. म्हणून या डेकमध्ये क्लीन ब्रेकचे तिन्ही पत्ते हवेतच. तो फक्त जॉकिंगलाच तोड देतो, पण समोरच्याला चार पत्ते टाकायला लावतो आणि आपल्याला एक ओढू देतो. जॉकिंग फॉर पोझिशन स्वतःही दुसऱ्या जॉकिंगला तोड म्हणून चालते. तिचे तीन आणि नो चान्स इन हेलचे तीन धरले तर नऊ पत्ते या एका धोक्यासाठी होतात. नऊ फार वाटतात. कमी घेऊन पाहिलेल्या डेकचे सामने मात्र याच ठिकाणी हातचे जातात.

आयरिश व्हिप या ॲक्शनचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. तिच्यामुळे पुढच्या फटक्याचा डॅमेज ५ ने वाढतो. नी टू द गट आणि एल्बो टू द फेस या तोडी ७ किंवा त्याहून कमी डॅमेजच्याच डावावर चालतात, आणि तो सात वाढीव डॅमेज धरून मोजायचा असतो. चारचा फटका नऊचा झाला की दोन्ही तोडी बाद. उरतात स्टेप असाइड आणि कुठल्याही डावाला चालणारी मॅनेजर इंटरफिअर्स.

मोठा फटका साठ्यातून किती खातो, हेही मोजावे. दहा डॅमेजचा फटका आला आणि केनच्या साठ पत्त्यांत त्याला लागू पडणाऱ्या तोडी सहाच आहेत, तीन स्टेप असाइड आणि तीन मॅनेजर इंटरफिअर्स, असे धरू. हातातून तोड दिली नाही तर सरासरीने साधारण साडेसहा पत्ते उलटून जातात, आणि तीनांत जवळपास एकदा एकही तोड न निघता दहाच्या दहा जातात. २६ चा साठा असे चार फटके कसेबसे सोसतो. सत्तावीस पाळ्यांत चारच मोठे फटके लागू द्यायचे, असा या डेकचा खरा अर्थ आहे, आणि तो ध्यानात आल्यावर खेळण्याची पद्धतच बदलते.

रूढ खेळात शहाणपण असे सांगते की तोड मोठ्या डावासाठी राखावी. लहान फटक्यावर ती उधळू नये. इथे उलट वागावे लागते. समोरच्याचा पहिला लहान फटका हातातून तोडला की त्याची पाळी तिथेच संपते, हातातले बाकीचे डाव तसेच राहतात आणि तोडलेला डाव रिंगमध्ये जात नसल्याने त्याचे फॉर्टिट्यूडही वाढत नाही. फॉर्टिट्यूड वाढले नाही तर त्याचे जड डाव खेळण्याजोगे होतच नाहीत. सुरुवातीच्या पाळ्यांत तीन-चार डॅमेजचे फटके थोपवत राहणे म्हणजे दहा-बारा डॅमेजचे डाव त्याच्या हातात कुजवणे. अर्थात त्यासाठी कोणती तोड वापरायची, हे जपावे लागते. लहान फटक्याला नी टू द गट किंवा एल्बो टू द फेस, लहान पकडीला रोलिंग टेकडाउन. स्टेप असाइड आणि एस्केप मूव्ह यांना डॅमेजची मर्यादा नाही, म्हणून त्या मागे ठेवाव्यात.

हाताचे एक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. सामन्याची तिसरी-चौथी फेरी आहे. केनच्या हातात स्टेप असाइड, नी टू द गट, दोन क्लीन ब्रेक, रिकव्हरी आणि ब्रेक द होल्ड. ऑस्टिनने सहा डॅमेजचा फटका टाकला. स्टेप असाइडने तो थांबतो आणि पाळी संपते. नी टू द गटनेही थांबतो, पाळीही संपते, शिवाय ती तोड हातातून खेळल्यावर अडवलेल्या डावाइतकाच डॅमेज उलट देते. सहा पत्ते ऑस्टिनच्या अर्सेनलमधून जातात. फेरीला दोन या दराने हे तीन फेऱ्यांचे काम एका पत्त्यात झाले. रोलिंग टेकडाउन पकडीच्या बाबतीत हेच करते, आणि एल्बो टू द फेस नेमका २ डॅमेज देते. या डेकचा हल्ला असा तोडींतूनच येतो आणि समोरच्याने स्वतः फटका टाकल्याशिवाय तो होत नाही. एक उणीव लक्षात ठेवावी: नी आणि रोलिंग या पत्त्यांचा डॅमेज रिंगमध्ये गेल्यावर शून्य धरला जातो, त्यामुळे फॉर्टिट्यूड काही वाढत नाही. आणि उदाहरणातल्या डावाच्या आधी आयरिश व्हिप आली असती तर सहाचे अकरा होऊन नी हातातच राहिली असती, स्टेप असाइड द्यावी लागली असती. म्हणून या दोन्ही तोडी हातात असताना व्हिप न लावलेल्या फटक्यावर स्टेप असाइड खर्च करणे महागात जाते.

पत्ते ओढण्याचा मोह ही पुढची अडचण. इतर डेकमध्ये ऑफर हँडशेक हा हवाहवासा पत्ता आहे. तीन पत्ते ओढा, एक टाका. हातात निवड वाढते, डाव जुळतात. या डेकमध्ये मात्र ओढलेला प्रत्येक पत्ता स्वतःच्या अर्सेनलमधून, म्हणजे साठ्यातून, जातो. एक हँडशेक साठ्याचा आठवा-नववा भाग खाऊन टाकते. तिन्ही खेळल्या तर नऊ पत्ते, म्हणजे मोठ्या फटक्याचा मार स्वतःच्या हाताने. त्याउलट रिकव्हरी दोन पत्ते रिंगसाइडहून अर्सेनलमध्ये पिसून घ्यायला लावते आणि एक ओढू देते; अर्सेनल एकाने वाढते आणि हातातली जागाही भरते. दिसायला तो अगदी साधा पत्ता, पण या डेकमध्ये तिन्ही घ्यावेत. फक्त समोरच्यानेही तो घेतला असेल हे गृहीत धरावे. त्याच्या प्रत्येक रिकव्हरीने सामना अर्ध्या फेरीने लांबतो.

समोरच्याचा हात रिकामा करणारे पत्तेही असेच दुधारी आहेत. स्पिट अ‍ॅट अपोनंट खेळून आपला एक पत्ता टाकला की समोरच्याला चार टाकावे लागतात. ऐकायला उत्तम. पण कोणते चार टाकायचे हे तोच ठरवतो, आणि त्याच्या हातात निरुपयोगी तोडींची रास आधीच पडलेली असते. तो त्या चार तोडी आनंदाने टाकतो. त्याच्या हातात चार-पाचच पत्ते उरले असतील तेव्हा मात्र हाच पत्ता जिव्हारी लागतो. क्लीन ब्रेकमुळे टाकाव्या लागणाऱ्या चार पत्त्यांनाही हे लागू आहे, पण तो मुळात जॉकिंग अडवण्यासाठी असल्याने तिथे तक्रार नाही.

हा डेक कोणासमोर चालतो आणि कोणासमोर नाही, याचा हिशेब प्रत्येक मल्लासाठी वेगळा करावा लागतो. बांधणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो इथे.

द रॉकसमोर हा डेक मुळातच हरतो. त्याच्या हातात ५ पत्ते, म्हणजे अर्सेनल ५५ चे. त्याची क्षमता अशी की पाळीच्या आरंभी, पत्ता ओढण्यापूर्वी, रिंगसाइडचा एक पत्ता अर्सेनलच्या तळाशी ठेवता येतो. पहिल्या पाळीत रिंगसाइड रिकामी असते, त्यामुळे पहिल्या फेरीत त्याचे दोन पत्ते जातात. पण त्यानंतर एक परत येतो, एक तो ओढतो, एक केन काढतो. फेरीला निव्वळ एकच पत्ता कमी होतो. केनचाही एकच. पहिल्या फेरीअखेर रॉककडे ५३ आणि केनकडे ५२, आणि पुढे दोघे एकाच वेगाने उतरतात. एकही फटका न बसता केन आधी रिकामा होतो. रिकव्हरीचे तीन पत्ते हे उलटवू शकतात, पण पन्नासच्या वर फेऱ्यांत रॉक एकही फटका मारणार नाही, असे कुणी धरून चालू नये. शिवाय तळाशी कोणता पत्ता ठेवायचा हे त्याच्या हाती असल्याने तो निरुपयोगी तोडी रिंगसाइडलाच सोडून डावच परत घेतो.

ख्रिस जेरिकोसमोर हिशेब जुळतो, खेळ जुळत नाही. पाळीत एकदा स्वतःचा एक पत्ता टाकून समोरच्याला एक टाकायला लावणे, ही त्याची क्षमता. इतरांच्या हातात अडगळ होणाऱ्या तोडी त्याच्या हातात चलन होतात. प्रत्येक निरुपयोगी स्टेप असाइड टाकून तो केनच्या हातातली कामाची तोड काढून घेतो. केन पाळीला एकच पत्ता ओढतो, तोच असा जातो. काही फेऱ्यांत हातात दोन-तीनच पत्ते उरतात आणि पहिलाच फटका थोपवण्याची पद्धत मोडून पडते.

अंडरटेकरची गोष्ट सर्वांत शिकवणारी आहे. त्याचे अर्सेनल ५४ चे. पाळीत एकदा हातातले दोन पत्ते टाकून रिंगसाइडचा एक हातात घ्यायचा, अशी त्याची क्षमता. दर फेरीला केन ज्या पत्त्याला रिंगसाइडला पाठवतो, तो अंडरटेकरच्या निवडीसाठी उघडा पडतो. दोन निरुपयोगी तोडी द्यायच्या आणि केननेच काढून दिलेला उत्तम डाव उचलायचा, हे तो दर पाळीला करू शकतो. त्याला फेऱ्या इतरांइतक्याच मिळतात, पण प्रत्येक फेरीतला हात निवडक असतो. त्याच्याविरुद्ध साठा २६ चा असला तरी व्यवहारात पंधरा-सोळाचाच समजून खेळावे आणि लहान फटके तोडण्याची शिस्त जराही सोडू नये.

ऑस्टिन पाळीला एक पत्ता ओढून हातातला एक तळाशी ठेवू शकतो. त्याने अर्सेनलची संख्या बदलत नाही, पण अडगळ खाली जाते, म्हणून तो वाटतो त्यापेक्षा कठीण. ट्रिपल एचच्या हातात सुरुवातीलाच १० पत्ते आणि खास क्षमता नाही. अर्सेनल ५० चे, पंचवीस फेऱ्या. त्याच्या पहिल्या तीन-चार पाळ्या निभावल्या की सामना बराचसा केनचा. मॅनकाइंड तर या डेकला मिळालेले दानच. हातात २ पत्ते, अर्सेनल ५८ चे, पण पाळीला दोन पत्ते ओढणे त्याला सक्तीचे. फेरीला तीन पत्ते जाऊन तो विसाव्या पाळीलाच संपतो. त्याच्यावर येणारा प्रत्येक डॅमेज एकाने कमी होतो, पण केनची क्षमता हा डॅमेज नव्हे, त्यामुळे त्याचे ते बळ इथे फुकट जाते. केनसमोर केन आला तर दोघे सारखेच, आणि ज्याच्या डेकमध्ये डाव जास्त तो जिंकतो.

रॉक आणि जेरिको यांच्यासाठी डेकला थोडा हल्ला जोडावाच लागतो. पूर्ण निःशस्त्र डेक कागदावर देखणा दिसतो. प्रस्तुत लेखकाचे मत मात्र दहा-बारा डाव ठेवण्याच्या बाजूचे आहे. लागलेला प्रत्येक डॅमेज समोरच्याला अर्ध्या फेरीने जवळ आणतो. चारचा एक फटका लागला की दोन फेऱ्या वाचतात, म्हणजे त्याचे दोन पाळ्यांचे हल्ले टळतात आणि आपले दोन ओढायचे पत्ते वाचतात. वर रिंगमध्ये फॉर्टिट्यूड येते आणि जॉकिंगच्या आठाची भीती ओसरते. किंमत अशी की डाव आला म्हणताच त्याच्या पडून असलेल्या तोडींना काम मिळते. ही किंमत कमी करण्याचा मार्ग म्हणजे डाव पाळीच्या शेवटी, ॲक्शन खेळून झाल्यावर टाकणे. तोड आली तरी संपायला पाळी उरलेलीच नसते. चॉप, कॉलर अँड एल्बो लॉकअप, आर्म बार टेकडाउन असे पत्ते यासाठी बरे, कारण ते डाव म्हणून नको असतील तेव्हा ॲक्शन म्हणून टाकून त्यांच्या जागी एक पत्ता ओढता येतो. तो एक पत्ता साठ्यातून जातो, तेव्हा हे गरजेपुरतेच करावे. हल्ला सामन्याच्या उत्तरार्धात ठेवणे उत्तम. समोरच्याने तोवर कंटाळून आपल्या तोडी टाकून दिलेल्या असतात.

डेक तपासण्याची रीतही रूढ रीतीपेक्षा थोडी वेगळी. एकट्याने पत्ते पिसून हात पाहण्याचा इथे फारसा उपयोग नाही, कारण हा डेक समोरच्याच्या चालीवर जगतो. सरावाला हल्लेखोर डेक हवा, आणि तो खेळणाऱ्याला आपली योजना आधी सांगून टाकावी. योजना माहीत नसलेल्यावर मिळवलेला विजय डेकविषयी काहीच सांगत नाही. माहीत असलेला माणूस आपल्या तोडी लगेच टाकू लागतो, व्हिप आणि जॉकिंग राखून एकाच पाळीत ओततो. त्यासमोर डेक टिकतो का, हे पाहायचे. प्रत्येक सामन्यानंतर एवढेच टिपावे: सामना संपला तेव्हा दोघांच्या अर्सेनलमध्ये किती पत्ते होते, मोठे फटके किती लागले, आणि हातात खेळता न आलेल्या तोडी किती उरल्या. न खेळता आलेल्या तोडी फॉर्टिट्यूडपायी अडल्या असतील तर डाव वाढवायचे, प्रकार न जुळल्यापायी अडल्या असतील तर तोडींचे प्रमाण बदलायचे. एका वेळी दोन-तीन पत्तेच बदलावेत.

टेबलावरची एक सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. केनची क्षमता पत्ता ओढण्यापूर्वीची आहे. पाळी आली की हात आपोआप स्वतःच्या अर्सेनलकडे जातो आणि क्षमता राहून जाते. हल्लेखोर केनला ते परवडते. इथे चुकलेला प्रत्येक पत्ता अर्धी फेरी लांबवतो. पाळी सुरू होताच आधी समोरच्याच्या अर्सेनलकडे बोट दाखवून पत्ता काढायला सांगायचा आणि तो रिंगसाइडला पडल्याशिवाय आपल्या पत्त्याला हात लावायचा नाही.

स्पर्धेत खेळायचे असेल तर वेळेचाही हिशेब करावा. सत्तावीस फेऱ्यांचा सामना हल्लेखोर डेकांच्या सामन्यापेक्षा बराच लांब चालतो, आणि सामन्याला वेळेची मर्यादा असेल तर जिंकत आलेला सामना अनिर्णित राहू शकतो. आपली पाळी पटकन उरकणे एवढेच हातात असते. केनच्या पाळीत करण्यासारखे थोडेच असल्याने ते जमतेही. समोरचा खेळाडू मात्र विचारात पडतो आणि वेळ त्याच्या बाजूला जातो. ओळखीच्या मंडळींत हा डेक एकदा दिसला की पुढच्या वेळी त्यांच्या डेकमध्ये तोडी घटतात आणि डाव वाढतात. तोडी घटलेल्या त्या टेबलावर साधा हल्लेखोर केन चांगला चालतो. म्हणून केनचे दोन्ही डेक तयार ठेवावेत, मल्लाचा पत्ता एकच असू द्यावा, आणि कोणता डेक न्यायचा हे समोर कोण बसणार ते पाहून ठरवावे. रॉक बसणार असेल तर दोन्ही घरी ठेवून दुसरा मल्ल घ्यावा.